आयत्या वेळी सुचलेलं

किळस ही गोष्ट बहुतेक लोक नाकाने शिकतात, काही जिभेने. मी ती कानाने शिकलो, धुळ्याच्या एका सभागृहात, तिसऱ्या रांगेत, माझ्या फुईच्या, म्हणजे आत्याच्या, शेजारी बसून. पण धुळ्याला जायचं तर आधी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घरातून निघावं लागायचं, आणि त्या घरातून पोटभर खाल्ल्याशिवाय कोणाला निघू देत नसत. तेव्हा आधी घर.

घर म्हणजे दोन खोल्या, मागे मोरी आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत थंडीच्या दिवसांत पऱ्हाट्यांची मोळी असायची, कारण भरिताची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजली नाहीत तर आई त्या पदार्थाला भरीत म्हणायची नाही, 'वांग्याचा गोळा' म्हणायची. लाकडाच्या बडगीत मुसळीने वांगी ठेचतानाचा धप्प-धप्प आवाज आणि हिरव्या मिरचीचा ठसका, ही आमच्या घराची ओळख. दुसरा आवाज नानांचा. नाना, म्हणजे माझे वडील, एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कुठे, किती वाजता, कोणत्या फलाटावर, हे ते माइकवर कागद न बघता सांगायचे, आणि घरीही त्याच सुरात बोलायचे. 'यावलकडे जाणारी' या थाटात 'मोरीकडे जाणाऱ्याने बादली भरून ठेवावी' अशी घोषणा व्हायची. पाठांतराला ते माणसाचा पहिला गुण मानत. मला पाढे येत नाहीत हे त्यांचं खाजगी दुःख होतं.

आणि अक्का. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बालवाडीत शिकवायची. तिला बघायला आलेली चार मुलं तिने परत पाठवली होती. एक जण म्हणे प्रत्येक वाक्याआधी आपल्या आईकडे बघत होता. दुसरा आल्या आल्या 'घर छान ठेवलंय' म्हणाला आणि जातानाही अगदी त्याच आवाजात तेच म्हणाला. नाना वैतागून म्हणायचे, "हिला माणूस पाहिजे की दर मिनिटाला नवीन काहीतरी?" अक्का म्हणायची, "दर मिनिटाला नको नाना. आठवड्यातून एकदा चालेल."

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि गावातल्या एका लहानशा दैनिकात 'सांस्कृतिक' या शब्दाखाली येईल ते सगळं लिहीत होतो. संपादकांना सगळे भाऊ म्हणायचे. ते मला पानाच्या खालच्या कोपऱ्यात जागा द्यायचे, लोणची विकणाऱ्या अचारवाल्याची जाहिरात आली नाही तर. रांगोळी प्रदर्शन, भजन स्पर्धा, निरोप समारंभ. आणि मग एके दिवशी 'अखंड'चा कार्यक्रम आला.

'अखंड' हा पाच इंजिनीयर मुलांचा बॅण्ड. जळगावने लग्नातले बॅण्ड पाहिले होते, पण हा वेगळा प्रकार होता. ही मुलं गाणी वाजवायची नाहीत. मंचावर यायची, एकमेकांकडे बघायची, एक जण एखादा सूर टाकायचा आणि बाकीचे त्याच्या मागे निघायचे. आधी काही ठरवायचं नाही, एकदा वाजवलेलं पुन्हा वाजवायचं नाही, अशी त्यांची शपथ होती म्हणे. गिटार वाजवणारा मिलिंद कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आम्हा लहानांना हे समजावून सांगायचा. केस मानेपर्यंत, डोळे अर्धे मिटलेले, हातात समोसा. "आपण वाजवत नसतो," तो म्हणायचा, "आपण फक्त ऐकत असतो. हात आपोआप चालतात." समोशाच्या बाबतीत हे खरं होतं.

कार्यक्रम मेहरूण तलावाजवळच्या मोकळ्या जागेत होता, संध्याकाळी सहाला. मी अक्काला घेऊन गेलो. बगलेत मामाचा टेपरेकॉर्डर, त्यात नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. आणि आता मी खरं सांगणार आहे, कारण पुढे मी या मुलांविषयी बरंच वाईट बोलणार आहे: त्या संध्याकाळी मी भारावून गेलो. मिलिंदने एकच सूर लावला आणि सोडून दिला. पुन्हा लावला, पुन्हा सोडला. ड्रमवाला काठ्या मांडीवर ठेवून वाट बघत राहिला, इतका वेळ की मागे कोणीतरी "लाइट गेली का रे?" म्हणालं. मग कडेकडेने झांज सुरू झाली, आणि गिटार चालायला लागली, जशी एखादी व्यक्ती अनोळखी गल्लीत घराचे नंबर बघत चालते. दहा-अकरा मिनिटांनी कीबोर्डवाला चुकला. सरळ चुकला, सगळ्यांना कळेल असा. ड्रमवाला हसून "अरे" म्हणाला. आणि मिलिंदने काय केलं, तर तो चुकीचा सूरच उचलला, दोनदा उलटा-सुलटा करून पाहिला, आणि त्यावर पाय देऊन वर चढत गेला. चूक होती तिथे जिना झाला. माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर गिटारची सगळ्यात बारीक तार तुटली. टण्ण. मिलिंदने मान झटकली, क्षणभर थांबला, आणि उरलेल्या पाच तारांवर ती चाल पुढे नेली. तुटलेल्या तारेचे सूर जिथे यायचे तिथे तो मोकळी जागा सोडत होता, आणि त्या मोकळ्या जागांमुळे ती चाल रडवेली झाली होती. शेवटी माइकजवळ येऊन, धापा टाकत, तो म्हणाला, "हे आत्ता, या क्षणी सुचलं. तिसऱ्या रांगेत कोणीतरी बसलंय. तिच्यामुळे."

मी अक्काकडे बघितलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि उलगडत होती.

दुसऱ्या दिवशी माझं परीक्षण छापून आलं. 'क्षणाक्षणाला जन्मणारं संगीत' असा मथळा. अचारवाला त्या दिवशी आला नव्हता, त्यामुळे दोन कॉलम मिळाले. मिलिंद आभार मानायला घरी आला, आईने शेव-भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली, अक्काने पाणी दिलं. तो पुन्हा आला, मग पुन्हा. महिनाभरात त्याच्या आईकडून रीतसर निरोप आला. नानांनी चौकशी केली. मुलगा शिकलेला, घर चांगलं, हरकत घ्यावी असं काही सापडेना. अक्काला विचारलं तर ती म्हणाली, "येऊ द्या." याआधी ती कधी असं म्हणाली नव्हती.

ती कॅसेट या काळात आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ वाजत असे. अक्का वेणी घालताना ऐकायची, मी अभ्यासाच्या नावाखाली ऐकायचो, आईला तर इलाजच नव्हता. संगीताचं तिला काही नव्हतं, पण ती पापड लाटता लाटता कीबोर्डवाला चुकायच्या आधी "आता हा चुकेल" म्हणायची. तारेच्या आधी लाटणं थांबवायची. आज मी फोनवर बघतो, कोणीतरी हसत हसत म्हणतं की हे मला आत्ताच सुचलं, आणि खाली हजारो लोक बदाम टाकतात. मला लगेच आईचं ते थांबलेलं लाटणं दिसतं आणि घशात काहीतरी आंबट येतं.

तर धुळे. 'अखंड'चा पुढचा कार्यक्रम धुळ्याला होता, आणि त्याच्यानंतरच्या रविवारी मिलिंदकडची मंडळी आमच्याकडे सुपारी फोडायला येणार होती. भाऊंनी मला धुळ्याला पाठवलं, एसटी नानांच्या ओळखीने फुकट आणि मुक्काम फुईकडे. फुई म्हणजे नानांची थोरली बहीण. तिने बॅण्ड म्हटल्यावर लग्नाचा समजून नवं लुगडं नेसलं, आणि मीही तिला समजावत बसलो नाही. संध्याकाळी पाचला आम्ही सभागृहात पोचलो आणि योगायोगाने तिसऱ्या रांगेत जागा मिळाली.

सुरुवातीला निवेदकाने एक कागद वाचला. 'क्षणाक्षणाला जन्मणारं संगीत', असं म्हणून त्याने माझं परीक्षण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मी सुखाने आणि लाजेने खुर्चीत वितळत होतो. फुईच्या कानात सांगितलं, "हे मी लिहिलंय." ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "मंग तू वाच ना, तो काबरं वाचस?"

मग मिलिंदने एकच सूर लावला आणि सोडून दिला.

पहिली दोन मिनिटं मला वाटलं, सुरुवात तशीच असेल. झांज कडेकडेने आली. असेल, त्यांची पद्धत असेल. गिटार गल्लीतले नंबर बघत निघाली, त्याच गल्लीत, त्याच घरांपुढे थांबत. सात मिनिटं झाली. पुढची प्रत्येक हरकत मला आधीच येत होती. आमच्या घरातल्या भिंतींनाही ती आली असती. दहा मिनिटं झाली. मी मनात म्हणालो, चुकू नकोस. आयुष्यात मी कोणी न चुकता वाजवावं म्हणून इतकी प्रार्थना केलेली नाही. कीबोर्डवाला चुकला. अगदी तिथेच. ड्रमवाला हसून "अरे" म्हणाला, आणि मिलिंद त्या चुकीच्या सुरावर पाय देऊन वर चढला, आणि सभागृहात माझ्यासारखाच कोणीतरी मुलगा "आहाहा" म्हणाला. मला ओकारी येईल असं वाटलं. उपमा देत नाही, खरंच वाटलं. दुपारी फुईने डाळ-बट्टीवर तूप ओतून खाऊ घातलं होतं, ते सगळं उठून बसलं. एखाद्याने आपल्यासमोर जेवताना आनंदाने मिटक्या माराव्यात आणि मग कळावं की त्याच्या तोंडात काहीच नाही, तसं काहीतरी. टण्ण. तार तुटली. मान झटकली गेली. बायका हळहळल्या. मोकळ्या जागा आल्या, बरोबर मोजून सोडलेल्या, आणि मिलिंद धापा टाकत माइकजवळ आला. मी फुईकडे बघायचं टाळलं, पण उपयोग झाला नाही.

"हे आत्ता, या क्षणी सुचलं. तिसऱ्या रांगेत कोणीतरी बसलंय. तिच्यामुळे."

फुईने डावीकडे पाहिलं. तिथे एक टकलू गृहस्थ होते. उजवीकडे मी. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "हाऊ पोऱ्या मनाकडे काबरं देखी ऱ्हायना?" ती, चार नातवांची आजी, कुजबुजली. "चार नातू शेतस माले. त्याले कोनी सांगं नही का?"

कार्यक्रम संपल्यावर मी मंचामागे गेलो. ड्रमवाला एका लहानशा पुडीतून नवी तार काढून दिव्यासमोर धरत होता, आणि नेलकटरच्या कानशीने तिच्यावर एका जागी हलकेच घासत होता. "आज जरा लवकर तुटली," तो मिलिंदला म्हणाला. "पुढच्या वेळी कमी घासतो." मग मी दिसलो आणि त्याने पुडी मिटली. मिलिंदने मात्र काही लपवलं नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. तो हात घामाने ओला होता.

"चेहरा का पडलाय रे?"

"दादा, हे सगळं तेच होतं."

"मग? जळगावला वाईट होतं का?"

"तुम्ही म्हणता आत्ता सुचलं."

"एकदा सुचलं होतं ना. एका दुपारी, आमच्या गच्चीवर. फार छान सुचलं होतं, आणि ऐकायला कोणी नव्हतं. लोकांना आपल्याला सुचताना बघायला आवडतं. खरंच मंचावर सुचायची वाट बघत बसलो तर लोक उठून घरी जातील. आणि तूच लिहिलंस ना, क्षणाक्षणाला जन्मणारं. आम्ही तेच टिकवतोय."

"आणि तिसरी रांग?"

"जळगावला मी खरंच तुझ्या बहिणीकडे बघून म्हणालो होतो."

"आणि आज माझ्या फुईकडे बघून."

तो हसला. छान हसला, म्हणूनच मला जास्त शिसारी आली. "पहिल्या रांगेत पाहुणे असतात, दुसरीत त्यांच्या बायका," तो म्हणाला. "तिसरीत कोणीतरी असतंच."

सकाळच्या गाडीने मी परत आलो आणि अक्काला बालवाडीच्या वाटेवर गाठून सगळं सांगितलं. फुईचंही सांगितलं. एरवी ती त्यावर पोट धरून हसली असती. ती चालत राहिली. "तुला कुठलीही गोष्ट वाढवून सांगायची सवय आहे," ती म्हणाली, आणि त्यात तिचं चुकलं नव्हतं. मी आजही त्यावरच जगतो. "येतोय ना तो रविवारी. मी बघेन."

रविवारी दुपारी मंडळी आली. मिलिंद, त्याची आई, एक काका. आईने पहाटेपासून पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली होती, बडगीचा आवाज शेजारच्या गल्लीत गेला होता. भरीत, पुऱ्या, कांद्याची पात, वर कढी. काकांनी तीनदा भरीत मागून घेतलं. जेवणं झाली आणि पानाचं तबक फिरलं, तेव्हा अक्का आतून येऊन दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "काही वाजवता का? तुम्हाला आत्ता जे सुचेल ते."

मिलिंदने गिटार आणलीच होती. त्याने डोळे मिटले. एक सूर लावला आणि सोडून दिला. घरगुती बैठक म्हणून त्याने आटोपशीर घेतलं, पण रस्ता तोच. आई स्वयंपाकघरात भांडी तशीच ठेवून उभी राहिली. मी अक्काकडे बघत होतो; ती त्याच्या हातांकडे बघत होती. वर चढून झालं, ती जागा आली, आणि मिलिंदने मान झटकली. क्षणभर थांबला. आणि पुढे पाच तारांवर वाजवायला लागला.

तार तुटली नव्हती. घरात वाजवायचं म्हणून कोणी ती घासली नव्हती. सगळ्यात बारीक ती तार नवी कोरी, ताणलेली, खिडकीतल्या उन्हात चमकत होती, आणि मिलिंदची बोटं तिला न शिवता तिच्या शेजारून जात होती. मोकळ्या जागा येत होत्या. तो चेहऱ्याने हळहळत होता. इतकी किळस मला धुळ्यालाही आली नव्हती. तिथे निदान काहीतरी मोडलं होतं.

संपल्यावर त्याची आई कौतुकाने म्हणाली, "एक सूर इकडचा तिकडे होत नाही. कितीही वेळा वाजवायला सांगा." नाना मनापासून म्हणाले, "पाठांतर पक्कं आहे. आजकाल कुठे असतं?"

अक्का म्हणाली, "तार तर आहे."

मिलिंदने खाली पाहिलं. बघतच राहिला.

"मग सोडत का होता?"

"सवय झाली," तो म्हणाला. मला वाटतं, आमच्या घरात तो एवढंच एक वाक्य आयत्या वेळचं बोलला.

अक्काने मान हलवली आणि आत गेली. नानांना तिने आत बोलावलं आणि एकच शब्द सांगितला: नको. नाना चिडले, कळवळले, तबकातली सुपारी तशीच आहे म्हणाले. "मुलाने केलंय काय?" अक्का म्हणाली, "काही नाही. पण ती तार तुटायची तेव्हा मला वाईट वाटायचं नाना. रोज." नानांना यातलं काही समजलं नाही, पण बाहेर जाऊन त्यांनी गाडी रद्द झाल्याची घोषणा करतात तशा आवाजात मंडळींना सांगितलं. गैरसोयीबद्दल दिलगिरीसुद्धा.

एक गोष्ट मी इथपर्यंत दाबून ठेवली, कारण ती सांगायला मला आवडत नाही. त्या संध्याकाळी मोरीत अक्का ताटं घासत होती आणि मी विसळत होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जळगावच्या परीक्षणात तू तार तुटल्याचं लिहिलं नाहीस."

मी म्हणालो, जागा नव्हती.

"दोन कॉलम होते. गावभर लोक तारेबद्दल बोलत होते, आणि तू नाही लिहिलंस. कधी लिहिलं होतंस ते?"

भाऊंचं पान दुपारी दोनला लागायचं. संध्याकाळच्या कार्यक्रमाची बातमी सकाळी निमंत्रणपत्रिका बघून लिहायची, 'उत्साहात पार पडला' करून द्यायची, ही तिथली रीत होती. रांगोळ्या आणि भजनं मी तशीच केली होती. कॅन्टीनमध्ये मिलिंद जे बोलला ते ऐकून, सकाळी अकराला, चहा पीत मी 'क्षणाक्षणाला जन्मणारं संगीत' लिहिलं होतं. तलावाजवळ एकही खुर्ची मांडलेली नसताना. संध्याकाळी गेलो, अंगावर काटा आला तो खरा होता, पण तोवर छपाई सुरू झाली होती.

"सकाळी," मी म्हणालो.

"तुझं वाचून मी दुसऱ्यांदा कॅसेट ऐकली होती," ती म्हणाली, आणि पुढचं ताट माझ्या हातात न देता स्वतःच विसळून ठेवलं.

पुढच्या महिन्यात गावात एका म्हाताऱ्या बासरीवाल्याचा कार्यक्रम झाला. त्या दिवशी दुपारी दोनला भाऊंनी मजकूर मागितला, मी म्हणालो अजून व्हायचाय. ते माझ्याकडे ताप आलेल्या माणसाकडे बघतात तसं बघत राहिले. माझ्या जागी अचारवाला गेला. मी शेवटपर्यंत बसलो, दुसऱ्या दिवशी लिहिलं, आणि भाऊंनी ते न वाचता 'शिळं झालं' म्हणून परत दिलं. तिथलं माझं लिहिणं तेवढ्यावर संपलं. ते कागद मी घरी आणून ओट्यावर ठेवले. अक्का भाकरी थापत होती. एका हाताचं पीठ झटकून तिने ते उचलले आणि तव्याजवळ उभ्या उभ्या सगळे वाचले. मधे एक भाकरी करपली, तरी वाचत राहिली.

"मधेच खोकला आला त्यांना?"

"दोनदा. दुसऱ्यांदा सूर हुकला, मग त्यांनी ते सोडूनच दिलं आणि पाणी मागितलं."

"बरं," अक्का म्हणाली, आणि ताट घ्यायला सांगितलं.